मेयरसाहेबांचा गुरुवार

माझ्या ओळखीच्या पुणेकरांपैकी कोणीही पांढुर्ण्याला गेलेलं नाही. पांढुर्ण्यावरून गेलेले थोडेफार सापडतील, पण ते नागपूरहून दिल्लीला जाताना वरच्या बर्थवर घोरत होते. मध्य प्रदेशात लोक घरी मराठी बोलतात असं मी आमच्या सोसायटीत सांगितलं, तर सगळे एकसुरात म्हणाले, "हो, इंदूरला." इंदूर सोडून मराठी आणखी कुठे सुखाने नांदू शकते, संत्र्याच्या बागेत आणि कापसाच्या गाड्यांवर, हे आमच्या पेठेला मान्य नाही. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. मी गेले ती एका जर्मन माणसाची दुभाषी म्हणून, आणि गेले नसते तर फार मोठ्या करमणुकीला मुकले असते.

त्याचं झालं असं. माझी जुनी विद्यार्थिनी पल्लवी ही पांढुर्ण्याची. माझ्याकडे जर्मन शिकली, इंजिनिअर होतीच, दक्षिण जर्मनीतल्या एका एवढ्याशा गावात नोकरीला लागली. तिथे ती मेयरच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. "मी मेयरच्या घरी राहते" हे तिने आईवडिलांना फोनवर सांगितलं आणि आईवडिलांनी पांढुर्ण्याला सांगितलं. पुढे घरमालकांना, म्हणजे डीटरसाहेबांना, भारत पाहायची हुक्की आली. पल्लवीला रजा मिळेना. मग मला फोन आला.

नागपूर सोडल्यावर

जर्मन माणसाला "कसे आहात" असं विचारलं की तो खरंच सांगतो. त्यातून तो राजकारणातला असला तर विचारूच नये. मी विचारलं, आणि पांढुर्णा येईपर्यंत डीटरसाहेबांची सगळी कारकीर्द माझ्या पदरात पडली.

सुरुवात गावच्या बँकेच्या खिडकीत. तिथे मेयर व्हायचं तर आधी अग्निशमन दलाच्या बँडमध्ये तुतारीसारखं काहीतरी वाजवावं लागतं, नेमबाजी मंडळाच्या जेवणाला जावं लागतं आणि गावातल्या प्रत्येक ऐंशी वर्षांच्या आजीच्या वाढदिवसाला फुलं घेऊन हजर राहावं लागतं. साहेबांनी हे सगळं केलं. आधी नगरसेवक, मग मेयर, मग जिल्ह्याच्या सभेत, मग मेयरपद न सोडता थेट राज्याच्या विधानसभेत. राजधानीत गेल्यावर त्यांना मोठे विचार सुचू लागले. त्यांच्या गावासमोर ओढ्यापलीकडे दुसरं गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. साहेबांनी दोन्ही गावांची मिळून एक नगरपालिका करायच्या ठरावाला हात वर केला. खर्च वाचतो म्हणून. विधानसभेच्या पुढच्या निवडणुकीत दोन्ही गावं आयुष्यात पहिल्यांदाच एक झाली आणि त्यांनी साहेबांना पाडलं.

"पण माझं टेबल कधी बंद पडलं नाही," ते अभिमानाने म्हणाले. दर गुरुवारी बाजाराच्या दिवशी नगरपालिकेसमोर टेबल मांडायचं, कॉफीची किटली ठेवायची, ज्याला जी तक्रार असेल त्याने येऊन सांगायची. मेयरने एकाच गोष्टीचं उत्तर द्यायचं, कधीपर्यंत. विधानसभेत असतानाही एक गुरुवार चुकला नाही म्हणे. मी मान डोलावली. सगळ्याच माजी पुढाऱ्यांचं एक असं टेबल असतं, जे कधी बंद पडलेलं नसतं.

पांढुर्णा

स्टेशनाबाहेर ढोल होता आणि फलक होता. फलक हिंदीत. सरकार, दुकानं आणि फलक हिंदीत, भांडणं आणि जेवण मराठीत, अशी तिथली सोयीची वाटणी आहे. फलकावर लिहिलं होतं, "जर्मनी के महापौर का हार्दिक स्वागत". एका गावाचे नव्हे, सबंध जर्मनीचे. पल्लवीचे वडील सुभाषभाऊ, संत्र्याचे व्यापारी, फलकावर हात जोडून भरघोस उभे होते. त्यांच्या खांद्याशी डीटरसाहेब, मोबाइलमधून ओढून काढल्यासारखे अंधुक. आणि खाली कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढा, डोक्यावर पदर घेतलेल्या एका बाईंचा फोटो. त्याखाली नाव, पार्षद सौ. वंदनाताई.

पार्षद म्हणजे नगरसेवक. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा सुभाषभाऊंनी बायकोला उभं केलं. ती निवडून आली आणि भाऊ कामाला लागले.

"हे मोठे गृहस्थ कोण?" डीटरसाहेबांनी फलकाकडे बोट केलं.

"नगरसेविकेचे पती."

"ते कशावर निवडून आलेत?"

"कशावरच नाही. त्यांना पार्षद पती म्हणतात."

"हे अधिकृत पद आहे?"

मी म्हटलं, पगार नाही, बाकी सगळं आहे. साहेबांनी ते मनापासून समजून घेतलं, मग फलकावरच्या भाऊंना वळसा घालून सरळ गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या वंदनाताईंपर्यंत गेले आणि पहिला हात त्यांच्याशी मिळवला. भाऊंच्या हातातला हार तसाच राहिला, तो मागाहून साहेबांच्या गळ्यात पडला.

"मॅडम," भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "सायबाले माजी माजी म्हणून नका राहू बरं. लोकायले मेयर सांगतलं आहे. माजी म्हटलं का हाराची किंमत कमी होते." मी डीटरसाहेबांना विचारलं. त्यांनी क्षणभर विचार केला, गळ्यातल्या झेंडूच्या हाराकडे पाहिलं आणि म्हणाले, स्थानिक प्रथेला विरोध करणं योग्य नाही.

घरी जेवायला पाटवडी आणि रस्सा होता. रस्स्यावर बोटभर तर्री, तिखटाचं लालभडक तेल. साहेबांनी ती सूप समजून वाटीनेच तोंडाला लावली आणि मग नुसत्या उचक्या देत राहिले, त्यांना भाषांतर लागलं नाही. वंदनाताई त्यांना गुळाचे खडे पुरवत होत्या. उचकी थांबल्यावर साहेबांनी गुरुवारच्या टेबलाची गोष्ट माझ्यामार्फत घरच्यांनाही ऐकवली, मग एक खुर्ची ओढली आणि वंदनाताईंना बसा म्हणून खूण केली. नगरसेविका उभी आणि आपण बसून जेवतो, हे त्यांच्या पोटात जाईना. तर्री गेली होती, हे जाईना. वंदनाताई बसल्या नाहीत, पण त्यांनी त्या खुर्चीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

नंतर स्वयंपाकघरात मी त्यांना विचारलं की पार्षद म्हणून नेमकं करता काय.

"सही करते," त्या म्हणाल्या. "कायच्यावर केली, ते संध्याकाळी हे घरी आले का समजते."

मोठी भानगड मला तिथेच कळली. नगरपालिकेचं अध्यक्षपद यंदा महिलेसाठी राखीव होतं. भाऊ कित्येक वर्षं या तिकिटाकडे डोळे लावून बसले होते आणि आता वंदनाताईंच्या नावाने ते हाताशी आलं होतं. पक्षाचे पर्यवेक्षक भोपाळहून आले होते, सौसरच्या विश्रामगृहात उतरले होते. जर्मन मेयरचा सत्कार त्यांच्यासाठीच होता.

"तुम्हाला व्हायचंय का अध्यक्ष?" मी विचारलं.

त्यांनी गॅस बारीक केला. "हे मले आजपर्यंत कोणंच इचारलं नाही जी. यायनं नाही, पक्षानं नाही. व्हायचं आहे. पण खरीखुरी व्हायचं आहे. फोटोतली होऊन होऊन कंटाळा आला."

एवढं बोलून त्या भाकरी थापायला लागल्या. मला फार वाईट वाटलं, आणि जर्मन शिकवण्यात हयात घालवलेल्या बाईला वाईट वाटून तरी काय उपयोग, असंही वाटलं.

जाम नदीच्या पुलावर

दुसऱ्या दिवशी भाऊंनी आम्हाला जाम नदी दाखवली. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते, दोन्ही काठांवरून एकमेकांना दगड मारतात. डोकी फुटतात, त्याहूनही वाईट होतं, आणि बंदीचे कागद दरवर्षी निघतात.

"अन् बाकीचे दिवस?" मी विचारलं.

"बाकीचे दिवस सोयरिक," भाऊ म्हणाले. "माह्या काकाची सून सावरगावची आहे. तिचा भाऊ तिकडून मारे, आमी इकडून मारो. रात्री त्याच्याच घरी जेवाले."

मी हे सांगितलं तेव्हा डीटरसाहेब कठड्याला धरून पाण्याकडे पाहत राहिले. त्यांच्या ओढ्यावर कोणी कधी दगड मारला नाही, ते म्हणाले. लोक फक्त वर्तमानपत्रात पत्रं लिहीत आणि बेकरीत पाठ फिरवत. त्यांची बहीणच ओढ्यापलीकडे दिलेली होती. ठरावानंतर तिने नाताळला बोलावणं बंद केलं. "तुमच्याकडे निदान एका दिवसात आटपतं," ते म्हणाले. हे वाक्य मी भाऊंना सांगितलं नाही. उगाच पर्यटनाच्या पत्रकावर छापलं असतं.

सत्कार

सत्काराला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत सोफ्यावर पर्यवेक्षक, समोर काजूची बशी. भाऊंनी भाषण केलं, त्यात जर्मनी, जगद्‌गुरू भारत आणि वॉर्डातले पथदिवे यांचा संबंध जोडून दाखवला. शेवटी ते म्हणाले, "आता मेयरसाहेब आपल्याले मार्गदर्शन करतीन."

आता आपल्याकडे मार्गदर्शन म्हणजे काय, हे कोणाला सांगायला नको. पाहुण्याने उठायचं, यजमानाची तारीफ करायची, शाल सावरायची, बसायचं. पण जर्मन माणसाला काम दिलं की तो ते करतो, हा त्या देशाचा मोठा दोष आहे. साहेबांनी मंचावरचं टेबल उचललं आणि खाली लोकांच्या मध्ये नेऊन ठेवलं. माझ्यासाठी एक खुर्ची, त्यांच्यासाठी एक, आणि तिसरी वंदनाताईंसाठी, त्यांना हाताला धरून आणून बसवलं. मग मला म्हणाले, विचारा, कोणाची काय तक्रार आहे.

मी विचारलं. कोणी हललं नाही. सत्कारात तक्रार विचारतात हे कोणी ऐकलं नव्हतं. मग मागून शीलाबाई आल्या. बौद्ध वस्तीत राहतात, अंगणवाडीत मदतनीस आहेत. बोलायला लागल्या त्या थांबेनात.

"नालीचं पाणी घरात येऊन राहिलं जी. चुलीपर्यंत येते. तिकडं नालीवर दुकानाचा ओटा बांधला, तवापासून पाणी तुंबते. अर्ज देऊन देऊन थकली मी. सायेब, तुमी जर्मनीचे, तुमी तरी सांगा."

साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कधीपर्यंत?"

भाऊंनी माइक घेतला. "लवकरात लवकर."

मी भाषांतर केलं. साहेब हसले. "हे उत्तर मीही पुष्कळ वेळा दिलंय, म्हणून मला त्याचा अर्थ कळतो. आणि मी यांना विचारलेलं नाही." ते वंदनाताईंकडे वळले. "नगरसेविका, कधीपर्यंत?"

वंदनाताईंनी पदर सारखा केला. भाऊंकडे पाहिलं, शीलाबाईंकडे पाहिलं. तो ओटा भाऊंच्या सख्ख्या पुतण्याच्या दुकानाचा होता. हे सभागृहात सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला आणि जर्मनीला माहीत नव्हतं.

"गुरुवारी," वंदनाताई म्हणाल्या.

भाऊंनी माइक हलवून पाहिला, जणू बिघाड त्यातच होता. पण तोवर टेबलापुढे रांग लागली. कोणाचा नळ, कोणाचं रेशन, कोणाचा मोकाट सांड. साहेब "कधीपर्यंत" एवढा एकच मराठी शब्द शिकले आणि तो त्यांनी प्रत्येकाला लावला. प्रत्येक वेळी उत्तर वंदनाताईंनी दिलं. कधी म्हणाल्या होईन, कधी म्हणाल्या हे माह्या हातात नाही. हे दुसरं उत्तर ऐकून लोक जास्त चकित झाले. पर्यवेक्षकांनी काजू संपवले आणि ते मधूनच उठून गेले.

गुरुवार

गुरुवारी भाऊंची तब्येत बरी नव्हती. ती फोनवर बोलण्याइतपत बरी होती, नालीपर्यंत येण्याइतपत नव्हती.

वंदनाताई सकाळीच नालीवर हजर. नगरपालिकेची माणसं घण घेऊन उभी आणि पुतण्या दुकानाच्या दारात. "काकू, काकाले इचारलं का?" तो म्हणाला.

"काकाले काय इचारू? मत लोकायनं मले देल्लं," वंदनाताई म्हणाल्या. "सरक."

पुतण्या सरकला. ओटा फुटला. जे पाणी मोकळं झालं त्याच्या वासाचं वर्णन मी टाळते. डीटरसाहेब हे सगळं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून पाहत होते. ओट्याचा शेवटचा तुकडा निघाला तशी त्यांनी उठून टाळी वाजवली आणि परत बसले, तेव्हा खुर्चीचा पाय दुमडला. माजी आमदार, माजी मेयर, अग्निशमन दलाचे माजी वादक नालीत गेले. शीलाबाईंनी आणि मी मिळून त्यांना वर काढलं. त्यांचा बूट मात्र पाण्याबरोबर गेला. शीलाबाई आपल्या घरात चुलीशी गेल्या, जमिनीवर हात फिरवून पाहिला आणि बाहेर येऊन वंदनाताईंना म्हणाल्या, "उतरलं." वंदनाताईंचे डोळे भरले होते. माझेही. वासाने, असं मी साहेबांना सांगितलं.

सौसर

सौसर वंदनाताईंचं माहेर. पांढुर्ण्याला जिल्ह्याचा मान मिळाल्यापासून सौसरचे लोक पांढुर्णेकरांशी लग्नात जेवतात, पण दुसऱ्यांदा वाढू का विचारलं की "राहू द्या, तुमी जिल्हावाले" म्हणतात. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे वंदनाताईंच्या भावाकडे उतरलो. जावई म्हणून भाऊंना पाट, चांदीचं ताट, वहिनींचा आग्रह. सासुरवाडीत जावयाचा मान असा की त्याने पाण्याचा पेलाही स्वतः उचलायचा नसतो. भाऊ तसेच तडक विश्रामगृहावर पर्यवेक्षकांना भेटायला गेले. बाकीचे आम्ही ओसरीवर वाट पाहत बसलो. भावाने बागेतली संत्री आणली होती, पण कोणी सोलली नाहीत.

भाऊ परतले ते चप्पल न काढता.

"गेलं," ते म्हणाले. "टिकट गेलं. दुसऱ्याच्या बायकोले देल्लं."

"काहून?" वंदनाताईंनी विचारलं.

"म्हणे, 'बहनजी तो बोलती हैं.' म्हणे, आज ओटा तोडला, उद्या अजून काय तोडतीन. जिले देल्लं ना, ती बोलतच नाही." ते डीटरसाहेबांकडे वळले. "सायेब, इतके वर्स मी मेहनत केली. तुमी एका दिवसात धुवून काढली. बाई माणसाले टेबलावर बसोलं तुमी. तुमच्या इकडं चालत असन."

मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. साहेबांनी मान खाली घातली.  मग वंदनाताई बोलल्या, पण भाऊंशी नाही.

"मॅडम, सायबाले एक इचारा. ते दर गुरुवारचं टेबल कधी बंद पडलं नाही म्हणतात. मंग ते मोठ्या सभेत राजधानीत जात, तवा टेबलावर कोण बसे?"

हा प्रश्न मला आगगाडीत सुचला नव्हता. डीटरसाहेबांचा चेहरा हळूहळू लाल झाला, तर्रीपेक्षाही.

"माझी बायको," ते म्हणाले. "रेनाटे."

"अन् निवडून कोण आलं होतं?"

"मी."

वंदनाताईंनी नुसती मान हलवली. साहेबांनी आता थांबायला हरकत नव्हती, पण ते थांबले नाहीत. ते म्हणाले की रेनाटेने कितीतरी वर्षं लोकांचं ऐकलं आणि फीत कापायला ते जात राहिले. ते पडल्यावर मेयरच्या निवडणुकीला पक्षाने त्यांच्याऐवजी दुसऱ्या एका पुरुषाला उभं केलं. रेनाटे पक्षाशिवाय एकटी उभी राहिली. लोकांनी तिलाच ओळखलं.

"म्हणजे?" मी मराठीतच विचारलं आणि मग जर्मनमध्ये.

"म्हणजे मेयर ती आहे," साहेब म्हणाले. "म्हणून तर मी एकटा फिरतोय. तिला वेळ नसतो."

पल्लवी खोटं बोलली नव्हती. ती मेयरच्याच घरी राहत होती. त्या घरातल्या दोघांपैकी मेयर कोण, हे तिला आईवडिलांनी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. पुरुष दिसला, हार घातला. आणि साहेब सबंध आठवडा तो हार घालून फिरले, स्थानिक प्रथेला विरोध नको म्हणून. गावाच्या रीतीविरुद्ध एकदा हात वर करून दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकत होता, हे मला तेव्हा समजलं.

"मंग आता गुरुवारी तुमी काय करता?" वंदनाताईंनी विचारलं.

"कॉफी करतो," साहेब म्हणाले. "किटली भरून."

हे मी भाषांतरित केलं. भाऊ अजून चप्पल घालूनच उभे होते. वंदनाताईंनी एक संत्रं उचललं, सोललं, अर्धं साहेबांना दिलं. मग भावाला म्हणाल्या, "दादा, अपक्ष फारम उद्याच भरतो आपण. लोकायले गुरुवारी पांढुर्ण्याले टेबलावर बोलावतो. आज बसतो इथंच, तुह्या ओसरीवर, सवय होईन."

वहिनी चहा ठेवायला उठल्या.

"वहिनी, तू बस," वंदनाताई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे पाहिलं. "चहा मांडा."

सासुरवाडीत, जावयाला. वहिनींचा हात तोंडावर गेला. भाऊंनी मेव्हण्याकडे पाहिलं, मेव्हणा संत्र्याकडे पाहत होता. मग भाऊंनी चप्पल काढली, खांद्यावरचा दुपट्टा खुंटीला लावला आणि ते आत गेले. डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज आले आणि बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "साखर कुठं आहे?"

 मी भाषांतर करायच्या आधीच डीटरसाहेब उठले आणि भाऊंना साखर शोधायला मदत करायला आत गेले.